काकाजी कारखाना पाहाले निघाले

चूक माझी होती, हे पहिलेच कबूल करून टाकतो. निकेशचा काही दोष नाई, जयाचा काही दोष नाई. शेण खाल्लं ते मी.

आमचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा. बंदी म्हणजे काय, हे नाचणगावच्या माणसाले समजावून सांगा लागत नाई. पुलगावचा पूल ओलांडला की जिल्हा बदलते. ज्याले घ्यायची तो पलीकडं जाऊन घेते अन् घरी सांगते, "नदीपलीकडं काम होतं." काय काम, हे बायको विचारत नाई, बाप विचारत नाई, शेजारी तं विचारतच नाई. पुरं गाव न विचारायले शिकलेलं. विचारणारा एकच माणूस, महादेवराव काकाजी. ते भर रस्त्यात सायकल आडवी लावत अन् म्हणत, "काऊन रे, काय काम होतं?" मंग समोरच्याची जी तंतरे ती पाहण्यासारखी राहे.

काकाजीनं चाळीस वर्षं दारूबंदीचं काम केलं. गावोगावच्या बायाइले सोबत घेऊन नाल्याकाठच्या मोहाच्या भट्ट्या फोडल्या. मोह आंबवायले ठेवलेला सडवा किती दिवसाचा आहे, हे ते लांबून नुसत्या वासावर सांगत. सख्खा भाऊ हिरालाल एकदा पिऊन दारात आला, तं काकाजीनं पुढं त्याच्या पोरीच्या लग्नात पाय नाई ठेवला. हिरालाल मेला तेव्हा मात्र गेले, खांदा दिला, ढसाढसा रडले. अन् तेरवीले न जेवता परत आले.

अशा माणसाची एकुलती एक पोरगी, आकांक्षा, वाइन बनवते.

आकांक्षा, निकेश, जया अन् मी, आम्ही चौघं पहिलीपासून एका वर्गातले. मी मोटारपंप वाइंडिंगचं दुकान टाकलं, निकेश मास्तर झाला, जया सरकारी दवाखान्यात नर्स. आकांक्षा सगळ्याइत हुशार, ती फळाइवर प्रक्रिया करायचं शिकली अन् तीन वर्षांमागं तिले जिल्ह्याबाहेर, वरुडच्या पुढं एका छोट्या वायनरीत नोकरी लागली. तिथं संत्र्याची वाइन बनते. सगळं लायसन्सचं, सरकारमान्य. पण बापाले काय सांगणार? घरी तिनं सांगतलं, ज्यूसचा कारखाना आहे. आमाले तिघाइले खरं ठाऊक होतं. पुढं कोणाचा भाचा संत्र्याची गाडी घेऊन तिथं गेला अन् गावालेही कळलं. पण जे गाव विचारत नाई, ते सांगतही नाई. काकाजी चौकात उभं राहून म्हणत, "माह्या पोरीच्या हातचा रस लोकं पेतेत," अन् ओट्यावरचे म्हातारे म्हणत, "वा काकाजी, वा!"

यंदा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आकांक्षाचा फोन आला. लय खुश होती. "रोशन, आतापर्यंत साहेबाच्या सांगण्यावर बनवत होती रे. या वेळची पुरी माह्या मनानं केली. रविवारी टाकीतून काढून राह्यली. तुम्ही तिघंही या, पहिला गिलास तुमाले."

आता आमच्यापैकी कोणीच जन्मात वाइन चाखली नव्हती. निकेशनं तं वहीच काढली. सातले निघायचं, नऊले तळेगावले चहा, साडेदहाले आकांक्षाची वायनरी, दोन वाजता काटोलकडं अजून एक आहे म्हणे ती पाहायची, संध्याकाळी घरी. त्यानं मोबाइलवर पाहून पाहून गिलास कसा धरायचा, कसा हलवायचा, कसा हुंगायचा हे शिकून घेतलं अन् माह्या दुकानात लिंबू शरबतावर प्रॅक्टिस केली. अर्धं शरबत त्याच्याच शर्टावर सांडलं. जया म्हणाली, "मी नुसती जीभ लावीन बाप्पा, मले सोमवारी लसीकरण आहे." हसून हसून पोट दुखलं आमचं. बस, हसलो तेवढंच.

शुक्रवारी मी दुकानासमोर गाडी धूत होतो. काकाजी आले. "काऊन रे रोशन, कुठं चालला?"

आता जगात हजार जागा आहेत. पवनारले चाललो म्हणलो असतो. सासुरवाडीले चाललो म्हणलो असतो. पण मले वाटलं, अर्धं खरं सांगतलं की पाप अर्धंच लागते. मी म्हणलो, "आकांक्षाचा कारखाना पाहाले चाललो काकाजी. आम्ही तिघं."

काकाजीचा चेहरा असा फुलला, की मले तिथंच कळलं आपण मेलो. "पाय बरं!" ते म्हणाले. "तीन वर्षं झाले, मी म्हणतो येतो, तं पोरगी म्हणते सीझन आहे, बाहेरच्याइले आत घेत नाईत. तुमाले घेतेत तं बापाले नाई घेणार का? मी येतो. पाडव्यापासून तोंड नाई पाह्यलं पोरीचं."

मी म्हणलो, "लय लांब आहे."

"मंग काय पायी जाऊन राह्यलो का आपण?"

ते गेले अन् तासाभरात त्याइची बायको, विमलाबाई काकू आली. दुकानात गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत बाजूले उभी राह्यली. मंग हळूच म्हणाली, "रोशन, ह्याइले नेऊ नको रे बाबा."

मी तिच्या तोंडाकडं पाह्यलं. "काकू, तुले माहीत आहे?"

"माय आहो मी. पह्यल्या वर्षीच सांगतलं तिनं मले." काकूनं पदर तोंडाले लावला. "अडतीस वर्षांचा संसार, काही म्हणता काही लपवलं नाई ह्याइच्यापासून. हे एकच. पोरीले तोडलं ह्याइनं, तं मी कोणाकडं जाऊ? अन् मले ठाऊक होतं हे कळलं, तं ह्याइचं काय होईल? तुले हात जोडतो, काही कर."

काही कर म्हणणं सोपं आहे. मी काय कमी केलं? शनिवारी सकाळी सांगून आलो, गाडीचा क्लच गेला. काकाजी म्हणाले, "मंग एसटीनं जाऊ. तळेगावले बदलू. मी भट्ट्या फोडाले एसटीनंच जाय." संध्याकाळी गाडी आपोआप दुरुस्त करा लागली, कारण ते एसटीचा टाइम विचारून आलते. मंग जयाले पाठवलं. तिनं बीपी मोजलं अन् लय गंभीर तोंड करून सांगतलं की वाढलेलं आहे, प्रवास नको. काकाजीनं तिच्यासमोर गोळी खाल्ली अन् म्हणाले, "पोरीले पाह्यलं की उतरते." निकेशनं तर अशी काही थाप मारली की मले ते सांगायचीही लाज वाटते.

शेवटी आकांक्षाले फोन लावला. ती म्हणाली, "आणा. मी थकली रोशन. सणावाराले घरी यायची भीती वाटते मले, कपड्याले वास येत असंन का म्हणून." दहा मिनिटांनी तिचाच फोन, "नको आणू. पाया पडतो, नको आणू." मंग आम्ही दोघाइनं मिळून रस्ता काढला. वरुडच्या अलीकडं एक हॉटेल आहे, ती तिथं येईल, सोबत जेवू, अन् काकाजीले सांगू की मशिनी धुवाले काढल्या, आज कारखाना बंद आहे. बाप-लेकीची भेटही होते, अन् झाकलेलं झाकलेलं राह्यते. मले स्वतःचंच कौतुक वाटलं.

रविवारी काकाजी सहाले माह्या दारात हजर. धुतलेलं खादीचं शर्ट, मांडीवर काकूनं केलेल्या अनारशाचा डबा. गाडीभर एकटेच बोलत होते. आर्वी गेली, तळेगाव गेलं, त्याइनं तिथं फोडलेल्या भट्टीची गोष्ट झाली. आष्टीच्या पुढं संत्र्याच्या बागा लागल्या, झाडं लदलदलेली. "हे पाय," ते म्हणाले, "ह्या फळाचं सोनं करते माही पोरगी." मागं निकेश खिडकीबाहेर पाहत होता. जयानं डोळे मिटून घेतले. मले इतकी लाज वाटली, की गाडी झाडाले ठोकावी अन् मोकळं व्हावं असं मनात येऊन गेलं.

हॉटेल दोन किलोमीटर राह्यलं असंन, तं आकांक्षाचा फोन. मी गाडी चालवत होतो, सवयीनं बोट स्पीकरवर पडलं.

"रोशन, मी नाई येऊ शकत रे. पंप बंद पडला. माल अर्धा ह्या टाकीत, अर्धा त्या टाकीत, हवा लागली तं पुरं खराब होते. रविवार आहे, मेकॅनिक कोणी भेटून नाई राह्यला. बाबाले सांग..." अन् ती रडाले लागली.

मी काही बोलायच्या आधी काकाजी मागून पुढं वाकले. "पोरी, रडू नको! मी बाबा बोलून राह्यलो. रोशन कोण आहे? पंपाचाच डॉक्टर ना? आम्ही आलोच."

तिकडचं रडणं एकदम थांबलं. मंग आकांक्षा म्हणाली, "या."

आता सांगा, कोण काय करू शकत होतं? मी म्हणू शकत होतो का, की मले पंप येत नाई? अठरा वर्षं झाले, काकाजीच्या विहिरीवरची मोटार मीच बांधतो. मी पत्ता विचारत विचारत गाडी नेली. जितकी हळू नेता आली तितकी हळू नेली.

वायनरी म्हणजे बागेतलं एक पत्र्याचं लांब शेड. बोर्ड इंग्रजीत होता, तो काकाजीनं वाचलाही नाई. फाटकापाशी गाडी आली अन् त्याइनं काच खाली केली. मले नुसता संत्र्याचा वास आला, गोडसर. काकाजीनं मान वर केली. एकदा श्वास घेतला, मंग अजून एकदा.

"थांबव," ते म्हणाले.

उतरले. डबा हातात होता. फाटकाच्या बाहेरच उभे राह्यले. आतून आकांक्षा धावत आली. पायात रबरी बूट, पुढं प्लास्टिकचा एप्रन, कोपरापर्यंत हात पिवळे. बापाले पाहून ती पाच पावलं अलीकडंच थांबली.

"बाबा."

"सडवा आहे हा," काकाजी म्हणाले.

"हो बाबा."

"कोण लावते?"

"मी."

मी आयुष्यात काकाजीची लय रूपं पाह्यली. चुलीवरचे हंडे लाथेनं उडवताना पाह्यलं, ठाणेदाराले झापताना पाह्यलं. मी तयारीत होतो. ते ओरडले तं मधात पडायचं, पडले तं धरायचं, असं सगळं मनात ठरवलं होतं. पण काकाजी ओरडलेच नाई. ते नुसते तिच्या हाताकडं पाहत राह्यले.

आकांक्षाच बोलत सुटली. की हे भट्टीचं नाई, लायसन्सचं आहे. की बारीक संत्रं लोक रस्त्यावर फेकून देत, ते आता इथं येते. की तिच्या हाताखाली अकरा बाया कामाले आहेत. मधातच तिचा श्वास संपला. "पाणी देऊ का बाबा? उन्हात आले," ती म्हणाली अन् आत पळाली. स्टीलच्या गिलासात पाणी घेऊन आली. घाईत अर्धं एप्रनवर सांडलं.

काकाजीनं गिलास घेतला. पाण्याकडं पाह्यलं. शेडकडं पाह्यलं. मंग गिलास परत तिच्या हातात दिला.

"तहान नाई मले," ते म्हणाले.

ऑक्टोबरचं ऊन, साडेतीन तासांचा प्रवास, अन् ओठ कोरडे पडलेले दिसत होते. आकांक्षा गिलास धरून तशीच उभी. मंग काकाजी मले म्हणाले, "पंप पाहून दे तिचा. अडलेलं काम आहे." अन् डबा जयाच्या हाती दिला. "तिच्या मायनं केले. तिले दे." एवढं बोलून रस्त्याच्या पलीकडं बाभळीखाली जाऊन बसले, आमच्याकडं पाठ करून.

पंपाचा कंडेन्सर उडाला होता. नवा गाडीत माह्याजवळ होता, बदलाले पाऊण तास लागला. तेवढा वेळ आकांक्षा टॉर्च धरून होती अन् माह्या हातावर तिच्या डोळ्यातलं पाणी पडत होतं. "ओरडले असते तं बरं झालं असतं रे," ती सारखी म्हणत होती. "ओरडले असते तं मी पाय धरले असते." बाजूच्या टेबलावर पांढरा कपडा टाकून चार गिलास मांडलेले. पंप सुरू झाला, माल सरकाले लागला, तेव्हा तिनं एका गिलासात थोडी काढून माह्यासमोर धरली. "तू तं पे. कोणीतरी पे."

मले दरवाजातून ती बाभूळ दिसत होती. मी म्हणलो, "गाडी चालवायची आहे आकांक्षा." खोटं बोललो. एक घोट घेतला असता तं काय बिघडत होतं? पण माह्याच्यानं नाई झालं. निकेशनं मान हलवली, जया रडत होती. तिच्या आयुष्यातली पहिली स्वतःची वाइन, अन् आमच्या तिघाइतून एकानंही ओठाले लावली नाई. त्या गोष्टीसाठी मी मले अजून माफ नाई केलं.

परत निघालो. दुसरी वायनरी कोणाच्या डोक्यातही नव्हती. आष्टीपर्यंत काकाजी बागाइकडं पाहत राह्यले. मंग म्हणाले, "तुमाले ठाऊक होतं."

"हो काकाजी."

"गावाले?"

निकेशनं मान खाली घातली.

"म्हणजे मी चौकात बोलत होतो, तेव्हा ओट्यावरच्या लोकाइले ठाऊक होतं." ते विचारत नव्हते, स्वतःलेच सांगत होते. गाडी तळेगावच्या पुढं आली. मंग एकदम हळू आवाजात विचारलं, "तिच्या मायले?"

मी आरशात पाह्यलं. काकाजी माह्याकडंच पाहत होते. सत्तर-बाहत्तर वर्षांचा माणूस, अन् असा पाहत होता की वाटावं, ह्या एका उत्तरावर त्याचा पुरा जीव अडकला आहे. जयानं काहीतरी बोलाले तोंड उघडलं. मी तिच्या आधी बोललो.

"नाई काकाजी. काकूले काहीच माहीत नाई. आईची शपथ."

काकाजीनं सीटले डोकं टेकवलं. "बरं झालं," ते म्हणाले. "तिले कळू देऊ नका. तिले नाई सहन होणार. साधी बाई आहे ती."

नाचणगावले पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. काकू फाटकात उभी. किती वेळची उभी होती कोणास ठाऊक. तिनं पहिले माह्या तोंडाकडं पाह्यलं, मंग निकेशच्या, मंग जयाच्या. जयानं नजर वळवली तशी काकूनं फाटकाची दांडी घट्ट धरली.

"भेटली का पोरगी?" तिनं विचारलं.

काकाजीनं सावकाश चपला काढल्या. "भेटली. चांगली आहे. अकरा बाया आहेत हाताखाली, लय मान आहे तिले तिथं."

"अन् कारखाना?"

"मोठा आहे." आयुष्यात कधी खोटं न बोललेल्या माणसाले खोटं बोलताही येत नाई. ते काढलेल्या चपलाइकडंच पाहत बोलत होते. "तिनं स्वतःच्या हातानं रस पाजला मले. दोन गिलास पेलो."

काकू त्याइच्याकडं पाहत राह्यली. अडतीस वर्षांच्या संसारात तिले समजाले एवढं पुष्कळ होतं. तिचे डोळे भरून आले, पण आवाज तिनं हलू दिला नाई.

"गोड होता का?"

"लय गोड होता."

"मंग पुढच्या खेपेले मलेही न्या," काकू म्हणाली.

"नेईन ना," काकाजी म्हणाले, अन् तिचा हात धरून घरात गेले.